राऊटर घ्यायचाय, पण वायफायचा नव्हे

"राऊटर घ्यायचाय म्हणतोय," मी शनिवारी सकाळी पोह्यांच्या बशीतून मान वर न काढता जाहीर केलं.

"परवाच तर नवीन आणलास ना? आता वरच्या बेडरूममध्येसुद्धा रेंज येते की," बायको म्हणाली.

"तो नव्हे गं. लाकडाचा."

"लाकडाचा राऊटर?"

तर मंडळी, आमच्या धंद्यात राऊटर म्हणजे नेटवर्कचा डबा आणि राऊटिंग टेबल म्हणजे त्याच्या पोटातली पत्त्यांची यादी. ऑफिसात मी "वीकेंडला राऊटर टेबल बनवतोय" म्हटलं, तर शेजारचा सहकारी म्हणाला, "घरच्या नेटवर्कला कशाला रे एवढं?" त्यामुळे आधी ओळख करून देतो.

लाकडाचा राऊटर म्हणजे एक उभी मोटर. तिच्या टोकाला कोलेट नावाची पकड, पकडीत धारदार बिट, आणि मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे. हातात धरून लाकडावरून फिरवला की कड गोल होते, खाच पडते, नक्षीची किनार निघते. आपल्याकडे सुतार हे सगळं रंधे आणि पटाशी घेऊन करायचे. हल्ली पुण्या-मुंबईत फर्निचरचं काम चालू असलेल्या फ्लॅटमधून जो दाताच्या डॉक्टरकडच्यासारखा किणकिणाट येतो, तो बरेचदा सनमायकाची कड मारणाऱ्या छोट्या राऊटरचा, म्हणजे ट्रिमरचा असतो.

हेच यंत्र उलटं करून टेबलाखाली टांगलं आणि बिट टेबलाच्या भोकातून वर काढलं की झालं राऊटर टेबल. आता यंत्र स्थिर, फिरतं ते लाकूड. दोन्ही हात लाकडाला मिळतात, टेकायला मागे सरळ पट्टी म्हणजे फेन्स मिळते, आणि जी मोठी बिटं हातात धरून कधीच चालवू नयेत ती इथे चालवता येतात.

प्रश्न असा की या टेबलाखाली टांगायला राऊटर कुठला घ्यायचा? दुकानात गेलात तर पहिला आकडा दिसतो हॉर्सपॉवरचा. बहुतेक लोक तोच बघून निवडतात. माझं स्पष्ट मत आहे की टेबलासाठी ताकद सगळ्यात शेवटी बघावी. आधी ताबा बघावा. आणि हे मत मला फुकट मिळालेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०२२ ची गोष्ट. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. येताना हँडबॅगेतून बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि कुलदैवताचे चांदीचे टाक घेऊन आली. आमच्या अपार्टमेंटी सवयीप्रमाणे देवांची सोय किचनच्या कपाटात केलेली. डावीकडे सीरियलचे डबे, उजवीकडे बेकिंग पावडर, मधे देव. आई काही बोलली नाही. पण रोज सकाळी कपाटाचं दार उघडून, एका हातानं ते धरून ठेवून दुसऱ्या हातानं ती फूल वाहायची, ते बघून मला कसंतरी व्हायचं. म्हटलं, आपण आता घर घेतलंय, गॅरेज आहे, थोडीफार हत्यारं आहेत. देव्हारा आपणच करू. चेरीच्या लाकडाचा, दोन छोटी दारं, दारांत मधे उठाव असलेली फळी, जशी जुन्या वाड्यांच्या दारांना असते.

त्या उठावाच्या फळीसाठी राऊटर टेबल लागतं. राऊटर माझ्याकडे होता. यार्ड सेलमध्ये चाळीस डॉलरला मिळालेला, एकाच वेगाचा, पंचवीस हजार फेऱ्यांचा, पाव इंची कोलेटचा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष यंत्राचा नव्हता, त्याला भलत्या कामाला जुंपणाऱ्याचा होता. मी तो एका प्लायवूडच्या टेबलाखाली स्क्रूनं आवळला, पाव इंच दांड्याचं दोन इंची बिट लावलं आणि चालू केला.

पहिली फळी बरी गेली. कडा थोड्या जळून काळ्या पडल्या, पण चेरी लवकर जळतेच असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या फळीला मधेच आवाज बदलला. बिट कोलेटमधून हळूहळू वर सरकत होतं, आणि मला ते कळायच्या आत काप दुप्पट खोल झाला. फळी हातातून हिसकली गेली, उजवीकडे उडाली आणि गॅरेजच्या दाराच्या चौकटीवर आपटली. त्या दारात आई चहा घेऊन उभी होती.

तिच्यापासून दीड फुटावर लागली फळी. चहा सांडला, बाकी काही नाही.

पण गोष्ट इथे संपली नाही. राऊटर चालूच होता! बिट सैल होऊन थरथरतंय, टेबल गदागदा हलतंय, आणि बंद करायचं बटण कुठे? टेबलाखाली, अंधारात, मोटरीच्या बुडाशी. मी गुडघ्यावर बसून त्या फिरत्या यंत्राखाली हात घालून बटण चाचपत होतो. भिंतीतला प्लग उपटावा हे सुचायला मला तीन-चार सेकंद लागली. ती तीन-चार सेकंदं मला अजून आठवतात.

आवाज थांबल्यावर आई एवढंच म्हणाली, "बोटं आहेत ना रे जाग्यावर?" मी दोन्ही हात दाखवले. मग म्हणाली, "राहू दे तो देव्हारा. देव काय, कपाटातसुद्धा राहतात."

ऑफिसात सर्व्हर पडला की आम्ही पोस्टमॉर्टेम लिहितो. कोणाची चूक हे नाही, काय काय जुळून आलं हे लिहायचं. तसं त्या रात्री लिहून काढलं. त्यातून टेबलाचा राऊटर निवडायचे जे निकष निघाले ते असे.

१. वेग कमी करता येतो का? हा निकष सगळ्यांत आधी. बिटाच्या धारेचा वेग बिटाच्या व्यासावर अवलंबून असतो, आणि हे गणित शाळेतलं आहे. अर्धा इंची बिट मिनिटाला २५,००० फेऱ्यांनी फिरवलं तर धार ताशी साधारण ६० किलोमीटरनं जाते. दोन इंची बिट त्याच फेऱ्यांवर ताशी सुमारे २४० किलोमीटर. आणि उठावाच्या फळीचं साडेतीन इंची आडवं बिट त्या वेगानं फिरवलं तर ४०० च्या वर! तेच १०,००० फेऱ्यांवर आणलं तर १७० च्या आत येतं. म्हणूनच मोठ्या बिटांना वेगाची कमाल मर्यादा असते: ढोबळमानानं एक इंचापर्यंत पूर्ण वेग, दोन इंचांपर्यंत १८,००० आणि साडेतीन इंचांना १०-१२ हजार. बिटाच्या पाकिटावर आकडा असेल तर तो अंतिम. एकाच वेगाचा राऊटर टेबलात म्हणजे फक्त पाचव्या गिअरची गाडी. हायवेला ठीक, पण आपल्याला बोळातून न्यायची आहे.

२. कोलेट अर्धा इंची आहे का? दांड्याचा व्यास दुप्पट झाला की त्याचा ताठपणा सोळापट होतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. शिवाय पकडीला जागा जास्त मिळते. अर्धा इंची कोलेटच्या राऊटरमध्ये पाव इंची बिटं लावता येतात, उलट नाही. आणि कोलेट ही झिजणारी वस्तू आहे. जुना राऊटर घेतलात तर कोलेट नवीन टाका. माझं बिट वर सरकलं त्याला दोन कारणं होती: झिजलेलं कोलेट, आणि बिट तळाला टेकवून आवळणं. बिट पूर्ण आत घालून मग दोन-तीन मिलिमीटर वर घ्यायचं आणि मग आवळायचं, हे मला नंतर कळलं.

३. उंची टेबलाच्या वरून बदलता येते का? हे ऐकायला चैनीचं वाटतं, पण तसं नाही. खाली वाकून, मोटर एका हातानं तोलत, अंदाजानं उंची लावायची असेल तर माणूस कंटाळतो. आणि कंटाळलेला माणूस चार पातळ कापांऐवजी एकच जाड काप घेतो. अपघात तिथे होतो. सवय चांगली लागायची असेल तर चांगली गोष्ट सोपी हवी, हे आम्ही सॉफ्टवेअरवाले एकमेकांना रोज सांगतो आणि घरी आलो की विसरतो.

४. बटण आणि कोलेट, दोन्हींपर्यंत हात कुठून पोचतो? कोलेट टेबलाच्या वर येत असेल तर बिट बदलताना खाली डोकं घालावं लागत नाही. बटणाचं म्हणाल तर टेबलाच्या पुढच्या बाजूला, गुडघ्यानं किंवा मांडीनं दाबून बंद करता येईल असं मोठं वेगळं बटण हवंच. वीज गेली आणि परत आली तर यंत्र आपोआप चालू होणार नाही असं असेल तर उत्तम. पण एक मेख आहे. काही राऊटरमध्ये हीच आपोआप चालू न होण्याची सोय आतच असते, आणि मग ते बाहेरच्या बटणावरून चालूच होत नाहीत. घ्यायच्या आधी हे बघा. आणि बाहेरचं बटण कितीही चांगलं असलं तरी बिट बदलताना प्लग काढायचा म्हणजे काढायचाच.

या चारांनंतर हॉर्सपॉवर. तिचीही गंमत ऐका. अमेरिकेतल्या मोठ्या राऊटरच्या पेटीवर सव्वातीन हॉर्सपॉवर लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात १५ अँपिअर. १२० व्होल्ट गुणिले १५ म्हणजे १,८०० वॉट. भागिले ७४६, म्हणजे २.४ हॉर्सपॉवर. आणि ही झाली आत जाणारी वीज, बिटाला मिळणारी ताकद त्याहून कमीच. उरलेली हॉर्सपॉवर कुठून येते? मार्केटिंग डिपार्टमेंटमधून. तुलना करायचीच असेल तर अँपिअरची करा.

आता प्रत्यक्ष निवड. माझ्यासमोर दोन गंभीर पर्याय होते. एक ट्रायटनचा मोठा, टीआरए००१. १५ अँपिअर, ८,००० ते २१,००० फेरे. टेबलासाठीच विचार करून बनवल्यासारखा आहे: वरून हँडल घालून उंची बदलते, पूर्ण वर आणला की दांडा आपोआप लॉक होतो आणि एकाच पान्यानं बिट निघतं, आणि बटण चालू असेल तर तो त्या टोकापर्यंत येतच नाही. ज्यानं कोणी हे डिझाइन केलं त्यानं माझ्यासारखा माणूस डोळ्यासमोर ठेवला असणार. तो मुळात वर-खाली होणारा प्लंज राऊटर, त्यामुळे टेबलात टांगताना आतली स्प्रिंग काढून ठेवायची असते, नाहीतर उंची वाढवताना स्प्रिंगशीच कुस्ती.

दुसरा बॉशचा १६१७ईव्हीएस. १२ अँपिअर, ८,००० ते २५,००० फेरे, हलका. मोटर एक आणि बैठका दोन असा संच मिळतो. स्थिर बैठक टेबलाखाली कायमची लावून ठेवायची, तिची उंची वरून छोट्या षटकोनी किल्लीनं बदलते. हातानं काम करायचं असेल तर मोटर काढून प्लंज बैठकीत घालायची.

मी बॉश घेतला. यावर माझ्या एका अनुभवी मित्राचा आक्षेप असा की साडेतीन इंची बिटाला १२ अँपिअर कमी पडतात, उठावाची फळी करायची तर १५ च पाहिजे. आक्षेप खोटा नाही. रोज वीस दारं करून विकायची असतील तर त्याचं ऐका. पण मला वर्षाला दोन-चार दारं करायची आहेत. मी एका कापात करायचं ते चार-पाच कापांत करतो, शेवटचा काप केसाएवढा पातळ. वेळ जास्त लागतो, पण मोटर दमत नाही, चेरी जळत नाही आणि लाकूड हातातून हिसकत नाही. कमी ताकदीचा एक फायदाही आहे: ती तुम्हाला जाड काप घेऊ देत नाही. कोडमध्ये छोटे छोटे बदल करून दर वेळी तपासून पुढे जायचं, तसंच.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: हौशी माणसाला एवढं तरी कशाला? छोटा ट्रिमर उलटा टांगला की काम होतं. होतं, अगदी होतं, जोवर तुम्ही कडा गोल करताय आणि बारीक खाचा पाडताय. पण त्या टेबलाला मोठं बिट दाखवू नका. माझा तो चाळीस डॉलरचा राऊटरसुद्धा त्याच्या जागी बरा होता.

तिसरा पर्याय म्हणजे लिफ्ट, म्हणजे मोटर वर-खाली करणारी स्वतंत्र यंत्रणा. ती फार सुंदर असते आणि बहुतेक वेळा राऊटरपेक्षा महाग असते. पहिल्या दिवशी नको. ते पैसे चांगल्या बटणात, चांगल्या बिटांत आणि भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूममध्ये घाला. उलट्या मोटरीवर सगळा भुसा वरून पडतो हे विसरू नका.

भारतातल्या वाचकांसाठी एक सूचना. इकडून कोणी नातेवाईक "स्वस्त मिळतोय" म्हणून राऊटर आणत असेल तर नको म्हणा. इथला राऊटर १२० व्होल्टचा, तिथे २३० वर चालवायला दोन हजार वॉटच्या वरचा ट्रान्सफॉर्मर लागेल. दुसरं म्हणजे मापांची गल्लत. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, पण ६ मिलिमीटर दांड्याची बिटंही बाजारात मिळतात. तसंच अर्धा इंच म्हणजे १२.७ आणि दुसरं माप १२. बारीक दांडा मोठ्या कोलेटमध्ये जातो, आवळल्यासारखा वाटतोही, पण धरला जात नाही. त्या मिलिमीटरहूनही कमी फरकात काय होतं ते वर सांगितलंच आहे.

आणि राऊटर कुठलाही असो, टेबलावर लाकूड उजवीकडून डावीकडे, बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध सरकवायचं. बिट आणि फेन्सच्या मधून कधीच नाही. छोटे तुकडे मोठ्या फळीतच घडवायचे आणि मग कापायचे. फळीच्या आडव्या रेषांच्या कडा आधी, उभ्या नंतर, म्हणजे टोकाला उडालेला टवका पुढच्या कापात निघून जातो.

देव्हारा आई असताना झाला नाही. ती साताऱ्याला परतली, देव हँडबॅगेतून परत गेले. पुढच्या हिवाळ्यात मी नवीन राऊटर घेतला, दोन शनिवार नुसतं पाइनच्या रद्दी लाकडावर हात बसवला आणि मग चेरीला हात लावला. २०२३ च्या उन्हाळ्यात आई आली तेव्हा देव्हारा तयार होता. तिनं दारावरून अंगठा फिरवला, दार दोनदा उघडून मिटलं, आणि कपाटाकडे न बघता देव आत मांडले. दिवा लावला. जरा वेळानं म्हणाली, "छान झालंय. आता ते मशीन विकून टाक."

विकलं नाही. उलट आता दुसरी मोटर घेतली आहे, कारण टेबलातली काढून पुन्हा बसवायचा कंटाळा येतो, आणि कंटाळ्याबद्दल माझं मत वर आलंच आहे. पोह्यांच्या वेळी झाली ती घोषणा याच मोटरीची होती. बायकोनं किंमत विचारली, मी सांगितली. वायफायच्या राऊटरपेक्षा थोडीच जास्त निघाली म्हणून वाचलो.

असो. आई आता साताऱ्यात आहे. शनिवार-रविवारी व्हिडिओ कॉल लागला की जेवलास का विचारायच्या आधी ती म्हणते, "हात दाखव." मी दोन्ही पंजे कॅमेऱ्यासमोर धरतो. ती मोजते. दहा भरले की मग पुढच्या गप्पा.